होड्यांच्या फळ्यांवरचं अक्षर

प्रिय अक्षया,

तू पाठवलेले नमुने परवा पोस्टमनने आणून दिले. भिंतीला टेकवून लांबून बघितले. होड्यांच्या फळ्यांवरची ती जाडजूड, ब्रशाच्या एका फटकाऱ्यात ओढलेली जुन्या वळणाची अक्षरं तू कॉम्प्युटरात घातलीस, अख्खी बाराखडी उभी केलीस आणि फॉन्टला नाव दिलंस 'तुकाराम पेंटर'. महिनाअखेर तो लोकांच्या हाती जाणार. कुठल्याही बापाने मिरवावं असंच काम आहे गो. मी मात्र दोन दिवस ते नमुने भिंतीकडे तोंड करून ठेवलेत.

फोनवर तू विचारलंस, बाबा, दुकानांच्या पाट्यांवर तुमचा फटकारा उजवीकडे कलतो, मग होड्यांवर डावीकडे कसा? मी म्हटलं, लाकूड वेगळं, ब्रश वेगळा. तू 'बरं' म्हणून फोन ठेवलास. पटलं नव्हतं तुला, ते मला कळलं.

तू वैभववाडीला मामाकडे राहून शिकत होतीस, त्या पावसाळ्यात मी बाजारात शिडीवरून पडलो आणि उजवं मनगट मोडलं. घरात सात फळ्या कोऱ्या, नारळी पुनव तोंडावर. नावाची फळी ठोकल्याशिवाय होडी पाण्यात घालायला कोण तयार होणार? तुझ्या आईने दहा वर्षं माझे ब्रश रॉकेलात धुतले होते. त्यातलाच एक तिने डाव्या हातात धरला आणि पडवीत बसून चार दिवसांत सातही नावं लिहिली. मी शेजारी बसून चुका शोधत होतो. सापडल्या नाहीत.

होडीचं नाव बाईने लिहिलेलं तेव्हा कोणी चालवून घेतलं नसतं. म्हणून खालच्या कोपऱ्यात माझं नावही तिच्याकडूनच लिहून घेतलं. बाबली तांडेल फळी न्यायला आला आणि म्हणाला, "तुकाराम, तुजो हात मोडलो ता बरा झाला. अक्षर सुदारला." दाराआड तुझी आई तोंडाला पदर लावून हसत होती. मला हसू आलं नाही.

हात बरा झाला तरी लोक तीच अक्षरं मागायला लागले. मग दुकानं माझी, होड्या तिच्या, अशी चौदा वर्षं गेली; तू सुट्टीत घरी आलीस की फळ्या आत जायच्या. एकदाच ती म्हणाली, "अक्षरां माजी, नाव तुमचा. बरा आसा." मी चहा मागितला. पुढे काळ बदलला, आरोंद्याहूनही माणसं फळ्या घेऊन यायची, तेव्हा खरं सांगता आलं असतं. पण ती माणसं माझी पाठ थोपटायची आणि मला त्याची सवय लागली होती. आई गेली त्यालाही आता तीन वर्षं झाली.

तोंडाने सांगायला गेलो असतो तर पुन्हा लाकडावर ढकललं असतं, म्हणून हे पत्र. फॉन्टवरून माझं नाव काढ, तिचं घाल. होड्या मोडल्यावर मालकांनी परत दिलेल्या फळ्या माळ्यावर आहेत. त्यांवरचं माझं नाव काल खरवडून काढलं आणि त्या जागी तिचं लिहायला बसलो. उजव्या हाताने करून बघितलं, डाव्याने बघितलं. तिचं वळण येत नाही. इतक्या होड्यांची नावं लिहिली तिने, स्वतःचं एकदाही लिहिलं नाही. तिची सगळी अक्षरं आता तुझ्यापाशी आहेत. 'सावित्री' एवढंच मोठ्या आकारात छापून पाठव. मी ते गिरवीन.

तुझाच,
बाबा