दोन ‘व्ही’ आणि एक भट्टी

हॅनकॉक, मिशिगन
१४ जानेवारी

चि. रॉय यास आईचे आशीर्वाद, रागासकट.

पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. इथे सर्व खुशाल असं लिहायची रीत आहे, पण खुशाल काही नाही. काल शेजारची लेंपी कॉफीला आली होती. एवढ्या बर्फातून यायचं म्हणजे तिच्या गुडघ्यांना केवढी शिक्षा! वेलदोड्याचा पाव मी मुद्दाम ताजा केला होता, या खेपेला फुललाही छान, ते असो. आम्ही बसतोय तोच घर गार पडायला लागलं. तू भिंतीवर लावून गेलास त्या शहाण्या थर्मोस्टॅटचा आकडा आपोआप खाली उतरत होता. मी वर करावा, त्याने पुन्हा खाली यावं. लेंपी म्हणाली, अगं आयली, तुझ्या घरात भूत शिरलंय. मी म्हटलं, भूत कुठलं, माझा मुलगा आहे तो. तिकडे ॲरिझोनात उन्हात बसून फोनवरून माझी घर तापवायची भट्टी विझवतोय. पाहुणी अंगात कोट घालून कॉफी प्यायली, रॉय! तुझे बाबा असते तर त्यांनी तुला बर्फात उभं केलं असतं.

तर तुझी ती डबी मी उद्या काढणार. दुकानातून साधी आणलीय, जिला फोनची भाषा कळत नाही. दुकानदार म्हणाला, आजी, आधी मेन स्विच बंद करा, आणि तारा सोडवण्याआधी प्रत्येकीला चिकटपट्टी लावून खूण करा. मग पांढरी तार डब्ल्यूच्या स्क्रूला, हिरवी जीच्या, लाल आरच्या. चौथीपर्यंतच शिकले असले तरी एवढं मला जमतं.

लोभ आहेच, तो फोनवरून कमी होत नाही.
तुझी आई

टक्सन, ॲरिझोना
१८ जानेवारी

ती. आईस सा. न. वि. वि.

तू थर्मोस्टॅट खरंच काढलास! माझ्या फोनवरून घर नाहीसं झालं तेव्हाच समजलो. तू फोन उचलेनास, म्हणून लेंपीमावशींना केला. त्या सांगतात, भट्टीचा पंखा गरगरतोय, जमिनीतल्या जाळीतून बर्फगार वारा येतोय आणि तू स्वयंपाकघरात लाकडाची चूल पेटवून तिथेच झोपतेस. मी मिस्त्री पाठवला, त्याला तू पावाचा तुकडा देऊन दारातूनच परत धाडलंस. मला हसू येत नाही, आई. मागच्या महिन्यात आकडा चढवून खिडकी सताड उघडी टाकलीस, म्हणून तर मी तो उतरवत होतो. नळ गोठून फुटले तर? तू पडलीस तर? मी तिथे नाही हे मला रोज डाचतं, आणि तू मला भूत म्हणतेस!

महिनाअखेरीस मी येतोय. घर गरम नसेल तर तुझं सामान बांधणार आणि तुला वृद्धाश्रमात नेणार. खोली बघून ठेवलीय. तोवर लेंपीमावशींकडे राहा.

लोभ असावा, हट्ट नसावा.
रॉय

हॅनकॉक
२३ जानेवारी

चि. रॉय यास आशीर्वाद, आणि कानाला एक पीळ.

वृद्धाश्रम म्हणे! ज्या घराची फळी न् फळी तुझ्या बाबांनी ठोकली, तिथून तू मला बोचकं उचलावं तसं उचलणार? आणि खिडकी मी मुद्दाम उघडली होती. सॉनाच्या गरम वाफेतून बाहेर आल्यावर वारा घेतात, हेही विसरलास? वाळवंटात राहून डोकं सुकलं तुझं.

हे पत्र मी बिनस्वेटरची लिहितेय. भट्टी अशी फुरफुरतेय, की मांजर जाळीवरून हलत नाही. काय झालं होतं सांगते, लेंपी अजून हसतेय. मेन स्विच बंद केला आणि घरातल्या बोळात काळोख, तारांचे रंगच दिसेनात. टॉर्च तोंडात धरावी तर कवळी सुटते. पण मी हुशार, उजेड होता तेव्हाच पट्ट्यांवर रंगांची पहिली अक्षरं ठळक लिहून ठेवली होती, आपल्या फिनिश भाषेत. पांढरा म्हणजे वाल्कोइनेन, तिला व्ही. हिरवा म्हणजे विह्रेआ, तिलाही व्ही! झाली अदलाबदल. मी ऊब मागत होते आणि हुकूम हिरव्या तारेतून पंख्याला जात होता. लेंपीने पट्ट्या बघितल्या आणि म्हणाली, आयली, खुणा तू फिनिशमध्ये केल्यास, पण भट्टीला फक्त इंग्रजी येतं! पुन्हा स्विच बंद केला, दोन तारांची जागा बदलली. खाली तळघरात भट्टी भप्पकन पेटली तेव्हा मी बोळात एकटीच नाचले. मिस्त्रीने केलं असतं तर नाचला असता का तो?

तू जरूर ये. रिकामी खोकी आणू नकोस, संत्री आण. ही नवी डबी बोळात उभं राहून हातानेच फिरते, दुसरा उपाय नाही. तुला आकडा उतरवायचाय ना? ये आणि स्वतःच्या हाताने उतरव. मी लगेच चढवीन. मग निदान समोरासमोर तरी भांडू.

राग आहे तसाच आहे, लोभही.
तुझी आई