उघड्या दारातला पेला

धामणखेड, ता. मोर्शी
१८ डिसेंबर २००७

ती. जमुनाताईस सत्यभामाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र भेटलं. गुडघ्याचं वाचून काळजी वाटली, पण शिकवणीसाठी तीन माळे चढणं तू सोडत नाईस तोवर डॉक्टर तरी काय करीन? इकडे मी बरी आहे. झेंडू यंदा चांगला आला. मोर्शीच्या बाजारात आपल्या टोपलीची वाट पाहतात लोक.

गावातलं देशी दारूचं दुकान बंद कराचा अर्ज आम्ही दिला. दोनशे एकतीस बायांच्या सह्या आन आंगठे. आता मतदान होईन. एक बाटली उभी, एक आडवी, अशी दोन चित्रं राहतात म्हणे. गावातल्या एकूण बायांपैकी अर्ध्याच्या वर बायांनी आडवीवर शिक्का मारला का दुकान जाते. दारूबंदी समितीची अध्यक्ष पार्वताबाई आहे, फिरणं मात्र माह्याकडे. यंदा भाव पाहूनच मानसं खचली. कापूस घरात पडून आहे आन घरधनी दुकानासमोर पडून आहेत.

आता खरी गोष्ट. परवा दुकानवाल्या वामनरावनं एसटीच्या थांब्यावर पेपरातला एक फोटो चिकटवला. काळं जाकीट घालून आपली गीतांजली एका मोठ्या हॉटेलच्या दारूच्या काउंटरमागे उभी, हातात बाटली. खाली पेनानं लिहिलं होतं, आईची बाटली आडवी, लेकीची उभी. अर्धं गाव वाचून राहिलं होतं. मी फाडला नाई. तिथं उभी राहून पूर्ण वाचला आन वामनरावले म्हटलं का चिकटपट्टी जरा चांगली आणत जाय, एक कोपरा सुटून राहिला.

पण घरी आल्यावर माह्यानं भाकर थापली गेली नाई. पोरगी हॉटेलात पाहुण्यांची नावं लिहून घेते असंच मले वाटे. तुले माहीत होतं. दोन वर्षं तुह्या घरी राहून बारावी केली तिनं, तुले सांगतल्याबिगर ती शिंकत नाई. काहून लपवलं? तिचे बाबा दारूपायी पोटात पानी होऊन गेले, तवा दवाखान्यात खाटेजवळ मी होती, आन तूही होती.

रागात लिहून राहिली. राग माहा, माया तुही, दोन्ही सांभाळून ठेव.

तुही सत्यभामा


अकोला
२४ डिसेंबर २००७

चि. सत्यभामास जमुनाचे अनेक आशीर्वाद.

हो, मला माहीत होतं. तीस वर्षं शाळेत पोरींना खरं बोला म्हणून शिकवलं आणि सख्ख्या बहिणीपाशी गप्प बसले. गीतांजलीने शपथ घातली होती, पण ती काही कारण होत नाही. तू दुखावशील याची भीती मलाच जास्त होती. बोल मला हवं तेवढं.

फोटो कसला ते तरी ऐकून घे. पुण्यात स्पर्धा होती. मेक्सिको देशात मेझकाल नावाची दारू होते. मार्गारिटा म्हणून एक जुनं, जगभर केलं जाणारं पेय आहे. त्यातली नेहमीची दारू बदलून गीतांजलीने मेझकाल घातली आणि आपल्या मोर्शीच्या संत्र्याचा रस. तेवीस जणांत ही एकटी मुलगी, आणि पहिली आली. बक्षीस म्हणून त्याच दारूची बाटली मिळाली. आता हसावं की रडावं ते तूच सांग.

पार्वताबाईंचा फोन आला होता. फोटोतली मुलगी आपण नव्हे असं गीतांजलीने लिहून द्यावं म्हणत होत्या. मी पत्ता दिला. काय करायचं ते तीच ठरवील.

संक्रांतीला ती माझ्याकडे येणार आहे. तूही ये. ती काय करते ते एकदा डोळ्यांनी पाहा. शेजारचे लोक चांगले आहेत, तरी खिडक्या लावून घेऊ. भांडायचं असेल तर समोर बसून भांड, पत्रातून माझा चष्मा ओला होतो.

तुझ्या रागाला माझ्या घरी जागा आहे, तुला तर आहेच.

तुझी जमुनाताई


पुणे
३ जानेवारी २००८

ती. आईस गीतांजलीचा सा. न. वि. वि.

पार्वताकाकूंचं पत्र आलं. 'फोटोतली मुलगी मी नाही' एवढं सहीनिशी लिहून दिलं की मतदान सुरळीत होईल म्हणतात. मी देणार नाही. फोटोत मीच आहे.

तुझ्यापासून लपवलं हे चुकलं. त्याची माफी मागते. कामाची मागत नाही.

आई, एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तू वावरात असायचीस तेव्हा बाबा मला दुकानात पाठवायचे. मी नऊ वर्षांची होते. ही बाटली कोणासाठी, असं वामनकाकांनी एकदाही विचारलं नाही. हातावर लिमलेटची गोळी ठेवायचे. बाटली फ्रॉकात गुंडाळून आणायची आणि पडली तर मार खायचा.

आज माझ्या हातून रोज कितीतरी बाटल्या जातात. मी वय विचारते. मापाने भरते. माणसाची जीभ जड व्हायला लागली की पुढचा पेला देत नाही, मग तो कोणी का असेना. मागच्या महिन्यात एकाने माझी तक्रार केली, मॅनेजर सगळ्यांसमोर मलाच बोलले, तरी दिला नाही. मी स्वतः चमचाभर चाखते आणि थुंकते. बाटलीला आपण घाबरत नाही हे मला स्वतःलाच दाखवायचं असेल कदाचित. कामाची लाज मात्र मला एक दिवसही वाटली नाही.

मावशीकडे तुझ्यासमोर करून दाखवीन. पिऊ नकोस, नुसतं पाहा. मग जे बोलायचं ते बोल.

तू रागावलीस तरी तुझीच,
गीतांजली


धामणखेड
८ जानेवारी २००८

चि. गीतांजलीस अनेक आशीर्वाद.

पत्र भेटलं. त्या गोळीपाशी तीन दिवस अडकली मी. पुढचं वाचलंच गेलं नाई.

अकोल्याले खिडक्या लावून नाई. बाटली घेऊन इथं ये. दुपारी, माह्या सैपाकघरात, दार उघडं ठेवून. बायांले मी बोलावते. येताना स्वेटर आण, इथं थंडी लय आहे.

तुही आई


धामणखेड
२२ जानेवारी २००८

ती. जमुनाताईस सत्यभामाचा सा. न. वि. वि.

मले याड लागलं असं तू फोनवर म्हटलं. असीन. पण झालं ते सारं ऐक.

समितीच्या सात बाया आल्या. बरफ मोर्शीच्या गोळेवाल्याकडून भुशात गुंडाळून आणला होता. गीतांजलीनं केस बांधले, हात धुतले आन ओट्यावर सामान मांडलं. आपल्या बांधावरची दोन संत्री, निंबू, गुळाचा पाक, मीठ. मापाले खोकल्याच्या औषधाचं झाकन घेतलं. बाटलीचं बूच काढलं तं वास सुटला. आमच्यात सगळ्यात लहान जयवंता, ती म्हणे का हा तं हुरडा भाजाच्या आगटीचा वास. तसाच होता, ताई. तिकडे घायपातासारख्या झाडाचा गड्डा खड्ड्यात भाजतात, तो धूर दारूत उतरते, असं गीतांजलीनं सांगतलं. मूळच्या पेयात बिनधुराची दारू आन संत्र्याची गोड दारू राहते. तिनं त्या जागी ही धुराची आन ताजं संत्रं घातलं, बदल एवढाच.

चार झाकनं दारू, दोन संत्र्याचा रस, दोन निंबाचा, एक पाक. बरफासंग माह्या तिळाच्या डब्यात टाकलं, झाकन दाबलं आन खांद्यावर नेऊन असा हलवला का बाहेरून डब्याले दव आलं. पेल्याच्या काठाले निंबू फिरवून मीठ लावलं आन गाळून ओतलं. हात कुठं थांबला नाई का थेंब सांडला नाई. तू शाळेत फळ्यावर लिहायची तवा तुहा हात असाच चाले.

पार्वताबाई उठली. म्हणे, सत्यभामा, तू आज नवऱ्याची तेरवी दुसऱ्यांदा केली. आन दोघींले घेऊन निंगून गेली.

मी पेला उचलला. तुले खोटं कशाले सांगू, एक घोट घेतला. आंधी धूर, मंग संत्रं, मंग मीठ. चांगला लागला. त्याचाच मले राग आला. वाईट लागला असता तं सारं सोपं झालं असतं. दुसरा घोट घेतला नाई. कसा लागला म्हणून गीतांजलीनं विचारलं नाई, मीही सांगतलं नाई. उरलेला तिनं मोरीत ओतला आन डबा घासाले बसली.

तवा मी त्या चौघींले ती लिमलेटच्या गोळीची गोष्ट सांगतली. मंग जयवंता पदर तोंडात घालून रडाले लागली. तिची आठ वर्षांची पोरगी आजही जाते दुकानात, नवरा पाठवते. दुसरी म्हणे माह्या घरून बी जाते. मी म्हटलं, बाया हो, फोटोले उत्तर देत बसाचं नाई. लेकराच्या हातात बाटली देते त्याच्याशी आपलं भांडन. आता घरोघरी जाऊन एकच विचाराचं, तुमच्या घरून कोन जाते?

काल छत्तीस घरं झाली. एकोणीस घरात उत्तर एकच भेटलं. मतदानाची तारीख लागली, पंधरा दिवसांनी आहे. वामनरावनं सांगून पाठवलं का गीतांजलीच्या हॉटेलात पत्र लिहितो, तिची नोकरी घालवतो. मी त्याले तिथला पत्ता कागदावर काढून दिला, पिनकोडसकट.

गुडघ्याले तेल लावत जाय. माह्यावरची नजर अशीच राहू दे, चूक दिसली तं टोकाले आन नाई दिसली तरी.

तुही सत्यभामा


धामणखेड
१० मार्च २००८

चि. गीतांजलीस अनेक आशीर्वाद.

मावशीनं तुले निकाल कळवलाच. आठशे बावीस बायांचं गाव, चारशे बारा पाहिजे होत्या, आडव्या बाटलीवर चारशे सदतीस शिक्के पडले. जयवंताच्या नवऱ्यानं तिले सकाळी घरात कोंडलं होतं. ती मागच्या भिंतीवरून उडी मारून आली, पाय मुरगळला, पण शिक्का मारला. दुकानाले सील लागलं. पिनारे आता मोर्शीले जातात, तेही तुले सांगतलं पाहिजे. पण लेकरू एवढ्या लांब कोनी पाठवत नाई.

काल ग्रामपंचायतीत आमच्या समितीचा सत्कार होता. अमरावतीहून साहेब येनार होते. आदल्या दिवशी पार्वताबाईनं निरोप धाडला का सत्यभामानं खाली बायांमधी बसावं, वर बसली तं पोरीचा विषय निंगन आन गावाची शोभा होईन. मी नवं लुगडं नेसली आन जाऊन वर बसली. खुर्ची कमी होती, तं शाळेतून एक आणाले सांगतली.

साहेबानं एकेकीले आपली ओळख सांगाले लावली. माही पाळी आली. माईक हातात धरून मी सांगतलं का मी सत्यभामा रामराव अढाऊ. माहा नवरा या गावच्या दारूनं मेला. माही पोरगी गीतांजली पुण्याच्या हॉटेलात दारूचे पेले भरते, मापानं भरते आन लेकराले देत नाई. ती माही एकुलती एक पोरगी आहे.

टाळी कोनीच वाजवली नाई. साहेबानं पान्याचा गिलास उचलला, परत ठेवला. पार्वताबाईनं मान फिरवली. मी माईक खाली ठेवला आन कार्यक्रम सरेपर्यंत खुर्चीवरून उठली नाई.

पुढच्या सुट्टीत घरी ये. एसटीतून उतरशील तं मान वर ठेवून उतर. कोनी काही बोललं तं माही ओळख सांग, मी तुही सांगून बसली आहे. जेवत जाय वेळेवर. आहे तशीच राहा, माही माया बी आहे तशीच आहे.

तुही आई