कागदाच्या पट्ट्यांची मापं

बाबा,

परवा अमरावतीत ब्लाऊज शिवायले टाकला. मास्तरनं खांद्यावर टेप ठेवली अन् आतल्या माणसाले मापं जोरानं सांगत गेला. चौदा, बत्तीस, साडेपाच. मी एकदम मागं सरकली. त्याले वाटलं, काही टोचलं. आता त्याले काय सांगू, का माझ्या बापाच्या दुकानात आकडा तोंडातून काढायचा नाही असा नियम होता, अन् बापानंच तो स्वतःले घालून घेतला होता? मी गोष्टी लिहिते आता, बाबा. छापूनही येतात. शेवट आधी, मधलं गायब, असं काहीबाही करते, लोक म्हणतात समजत नाही. ही मात्र सरळ सांगते. तुमाले वाकडी कॉलर चालायची नाही.

जळगाव जामोदचं आपलं दुकान. पुढं मशीन, मागं आईची चूल, मधात एक पडदा. शाळेतून आली का मी फळीवर बसून काज-बटन करते. समोर पानठेला. सांजच्याले मटक्याचा मुंबईचा आकडा तिथं येते, अन् दुपारपासूनच तुमचे कान तिकडं असतात. लागला त्या दिवशी जिलबी यायची. नाही लागला का तुमी कापड न ठेवता नुसती मशीन चालवत बसायचे, दोरा नसलेली. जिलबीची चव अजून आठवते मले, त्याले काय करू. मग एका बाजारच्या दिवशी मामा वरवट बकालहून वांगे घेऊन आले, अन् जेवता जेवता तुमीच त्यायले म्हणले, "माह्याच्यानं सुटत नाई. काईतरी करा." आईच्या हातातलं पीठ हातातच राह्यलं. मामानं घास संपवला. "सोडतो म्हन्ता, थे ठीक हाये, दाजी. पन उद्या सकाळी काय करसान, थे सांगा. सकाळचं झालं का मंग दुपारचं पाहू." अन् बसल्या बसल्या ठरवलं सगळं. गल्ला आईच्या हाती. मशीनचं तोंड भिंतीकडं. आकडा यायच्या वेळी एकटं बसायचं नाही, चुलीपाशी येऊन बसायचं. तुमी विचारलं, "अन् चहा?" ठेल्यावरच प्यायचे ना तुमी. मामा म्हणले, "घरी प्या." आई म्हणाली, "म्हनजे साखरीचं वाटोळं घरातच."

काही दिवस बरे गेले. मग टेपनं घात केला. सदरा शिवायले एक गिऱ्हाईक आलं, तुमी त्याची छाती मापली, "अडतीस" म्हणले अन् तिथंच थांबले. गिऱ्हाईक हसलं, "काय मास्तर, लागला का?" तुमी पडदा सारून आत आले. "हे टेप मले बोलते व," तुमी आईले म्हणले. "तीन अन् आठ अकरा, शेवटी एक, म्हंजे एक्का. मी नाई जोडत, डोकंच जोडून राह्यलं." आईनं तुमच्या गळ्यातली टेप काढली अन् तुरीच्या डाळीच्या डब्यात टाकली. बाहेर माणूस हात वर करून उभाच होता. तुमी जुन्या पेपराची लांब पट्टी फाडली, त्याच्या छातीभोवती धरली अन् कैचीनं एक खाच मारली. कमरेले दोन, बाहीले तीन. तेव्हापासून तसंच. लोक गंमत करायचे, "मास्तर, माह्यी छाती कोनत्या बातमीत आली, पाहा बरं." दुसरा म्हणायचा, "त्याच्या पोटाले रविवारचा पेपर लागते." भिंतीच्या खिळ्याले अर्ध्या गावाची अंगं लटकलेली, वाऱ्यानं सळसळायची, अन् त्यात मापाचा एकही आकडा नाही. मले वाटते, मी लिहायले तिथंच शिकली.

दिवाळीची घाई होती. तुमी बटनं आणायले गेले अन् दिवे लागल्यावर आले. चुलीपाशी आलेच नाहीत, पडद्यातच उभे. "आज खेळलो." आईनं तव्यावरची भाकर उलटवली. मले वाटलं आता भांडण होते. ती म्हणाली, "किती, थे नका सांगू. उद्या काय करसान, थे सांगा." तुमी चुलीपाशी येऊन बसले. मग म्हणले, "बटनं तू आनत जाजो." दुसऱ्या दिवसापासून आई जाऊ लागली, अन् तुमी रोज सांजच्याले पडदा सारून एवढंच सांगायचे, "आज नाई." ती म्हणायची, "हाव." पाणी भरलं का, हाव, तसंच.

आता जे लिहायले बसली, ते. मी मॅट्रिकले होती. आई तापानं पडलेली, म्हणून दोरा आणायले तुमी निघाले, तेही नेमके आकडा यायच्या वेळी. मी मागं निघाली, लपत लपत. तुमी दोरा घेतला अन् ठेल्यापाशी जाऊन थांबले, गर्दीच्या कडेले, दोन्ही हात पाठीमागं. ठेलेवाला म्हणाला, "या मास्तर, लय दिवसानं." तुमी हसून काही म्हणले, मले ऐकू आलं नाही. आकडा अजून यायचा होता. अजून थोडं थांबली असती तर सगळं दिसलं असतं. मी वळली अन् घरी येऊन काज घेऊन बसली. तुमी आले, पडदा सारला. "आज नाई." आईचा डोळा लागला होता. मग मीच म्हणाली, "हाव." तुमी माझ्याकडं पाह्यलं अन् दोऱ्याची रीळ माझ्या हातात दिली.

त्या सांजेचे मी दोन शेवट लिहिले बाबा, दोन्ही फाडले. आई अजून सगळ्याले सांगते, का त्या दिवाळीनंतर तुमी ठेल्याकडं वळूनही पाह्यलं नाही. म्हणून हे तिले वाचून दाखवणार नाही. अन् माझं ते 'हाव' ऐकून तुमाले वाटलं असेल, पोरीचा आपल्यावर भरवसा आहे. नव्हता बाबा. मी भेवानं परत फिरली होती.