आठच पाहुणे

२ जून, सोमवार
सीझन सुरू. बोट रंगवून झाली. बोर्डही लिहिला: 'लहान ग्रुप, शांत किनारा, कॅप्टन पांडेलीस'. परवानगी दहा माणसांची. आठ पाहुणे, मी, आणि मदतीला बायको, आर्गिरो. नववा पाहुणा प्रत्यक्ष देव आला तरी घेणार नाही. आमच्या बेटाच्या पोलोनिया बंदरावर आजवर कोणी इतकी कडक शिस्त पाहिली नसेल.

बोट सासऱ्यांची. नाव सासूबाईंचं, एव्हान्गेलिया. मागे आर्गिरो आणि तिचा भाऊ निकितास अशा दोघांना मिळून ठेवली. निकितासचं बंदरावर टॅव्हर्ना, म्हणजे खानावळ, आहे. तो म्हणतो, यंदा टूर नीट चालली तर ठीक, नाहीतर बोट वर ओढून टॅव्हर्नापुढे ठेवू, आत जिरेनियमची फुलं लावू, गिऱ्हाइकं फोटो काढतील.  आर्गिरो उठून भांडी घासायला गेली. सगळी घासलेलीच होती.

बोट चालवायचं लायसन्स आम्हा दोघांकडेही आहे. तिचं वीस वर्षं जुनं, माझं यंदाचं. ताजं ते चांगलं.

३ जून
पहिली टूर आज ठेवणार होतो. पण मंगळवार. मंगळवारी आमच्या बेटावर कोणी नवं काम काढत नाही. मी अंधश्रद्धाळू नाही. पण लोकांना का दुखवा.

५ जून
पहिली टूर. सहा पाहुणे, हॉलंडचे आणि बेल्जियमचे. दोर सोडणार इतक्यात मारुसो मावशी कांद्याचं पोतं घेऊन हजर. तिला मांद्राकियाला बहिणीकडे जायचं होतं. मी म्हणालो, मावशी, ही टूर आहे. ती म्हणाली, मग मी काय नाही म्हणतेय, कर की टूर, मी बसते गुपचूप. बसली. गुपचूप मात्र नाही.

मावशी पॅसेंजर नाही, मावशी आहे. त्यामुळे नियम मोडला नाही.

साराकिनिकोच्या पांढऱ्या खडकांपाशी मी त्यांचा सगळा इतिहास सांगितला. चाळीस मिनिटं. पाहुणे तल्लीन. एक जण इतका तल्लीन की डोळे मिटले.

१२ जून
पाच पाहुणे आणि पाद्रीबाबा ग्रिगोरिस. त्यांना मांद्राकियाच्या चर्चमध्ये प्रार्थनेला जायचं होतं. पाद्र्याला नाही कसं म्हणणार? वाटेत त्यांनी बोटीला आशीर्वाद दिला. म्हणजे हा खर्च देखभालीत धरायचा. परत येताना त्यांचे दोन पितळी मेणबत्तीदानही आले. त्यांना पाय नाहीत, म्हणजे ते मोजायचे नाहीत.

१८ जून
तक्रार. एका ऑस्ट्रियन गृहस्थाने आर्गिरोला विचारलं, लहान ग्रुप म्हणजे तुमच्याकडे किती? कारण त्याच्या शेजारी मावशी होती, मावशीची बहीण होती, आणि समोर फ्रीज होता. फ्रीज मावशीच्या बहिणीचा. दुरुस्तीला आणला होता. मी त्याला समजावलं की फ्रीज बंद आहे, त्रास देणार नाही.

घरी आर्गिरो म्हणाली, भीड ही भिकेची बहीण. तू तर तिच्याशी लग्नच लावून बसलायस. मग माझ्याशी कशाला लावलंस?
विनोद बरा होता. हसलो. ती हसली नाही.

२२ जून
ठराव. उद्यापासून नाही म्हणायचं. आरशापुढे सराव केला. आमच्याकडे 'नाही' म्हणायला तोंड उघडावं लागत नाही. मान झटक्यात मागे, भुवया वर, जिभेने एक च्च. काम तमाम. तीस वेळा केलं. मान अवघडली, पण आरशातला माणूस जबरदस्त दिसत होता. त्याला फ्रीज न्यायला सांगायची कोणाची छाती झाली नसती.

२५ जून
परीक्षा झाली, पास झालो. आठ पाहुणे बसले होते. धक्क्यावर दोन फ्रेंच पोरी आल्या, जागा आहे का म्हणाल्या. मी मान मागे टाकली, भुवया वर, च्च. अगदी आरशातल्यासारखं. त्या टाळ्या वाजवत बोटीत उडी मारून बसल्या. त्यांच्याकडे मान हलली की हो, असं दिसतं.

मी नाही म्हणालो होतो, याला आर्गिरो साक्षीदार आहे. फ्रान्सच्या शाळांत हे शिकवत नसतील तर माझा काय दोष? पोरींना उतरवलं नाही. इतक्या खूश होत्या.

आर्गिरोने त्यांना आपली मोसंबी दिली आणि त्यांच्याशी हातवारे करत काहीतरी बोलली. मग त्या आपणहून उतरल्या, तिच्या गालाचा मुका घेऊन. काय सांगितलं विचारलं तर म्हणाली, जागा नाही म्हणाले. एवढंच.

४ जुलै
उत्तरेचा वारा. मला वारा कळतो. सकाळी सात वाजता नाकाने वास घेऊन सांगितलं, दुपारपर्यंत पडेल. आर्गिरो बोटीला दुसरा दोर बांधायला गेली. मी टूर रद्द केली, तिचं मन राखायला. दुपारी लाटा धक्क्यावरून उडून काफेनियोतल्या, गावाच्या कॉफीच्या अड्ड्यावरच्या, खुर्च्यांपर्यंत आल्या. मला अंदाज होताच. तिला आहे का, ते बघत होतो.

१० जुलै
मोठी बातमी. निकितासच्या टॅव्हर्नात एक डॅनिश बाई जेवायला आली होती, लिस्बेथ नावाची. डेन्मार्कहून लहान लहान ग्रुप घेऊन येते. तिला आमच्या उत्तर किनाऱ्यासाठी एक बोट हवी आहे, पुढचे तीन उन्हाळे. गर्दी नको, गोंगाट नको. सात माणसांसह ती स्वतः २७ तारखेला आमच्या बोटीतून फिरून बघणार आणि मग ठरवणार.

निकितास म्हणाला, पांडेली, ही शेवटची संधी. नाही जमलं तर ऑगस्टमध्ये बोट वर. त्याने टॅव्हर्नापुढची जागा दोरीने आखलीही आहे.

संध्याकाळी आर्गिरो एकटीच बोटीवर बसली होती. सुकाणू फडक्याने पुसत होती. म्हणाली, बाबांनी मला हे धरायला शिकवलं तेव्हा माझा हात वर पोचत नव्हता, खोक्यावर उभी राहायचे. यात फुलं लावलेली बघायला लागली तर मी त्या रस्त्याने जाणार नाही. मला फार वाईट वाटलं. तिला म्हणालो, मी आहे ना. ती पुसतच राहिली.

१७ जुलै
२७ म्हणजे माझा नामदिन, ज्याच्यावरून माझं नाव ठेवलं त्या संत पांडेलीमोनचा दिवस. त्या दिवशी घराचं दार उघडं. कोणाला बोलवायचं नसतं, आलेल्याला परतवायचं नसतं, जो येईल त्याचं तोंड गोड करायचं. दरवर्षी अर्धा गाव येतो. यंदा डॅनिश बाई आणि नामदिन एकाच दिवशी. पण कॅप्टनला तोडगा सुचतोच.

काफेनियोत सगळ्यांसमोर जाहीर केलं, यंदा घरी येऊ नका, पांडेलीस नामदिनाला समुद्रावर असणार. ज्याला शुभेच्छा द्यायच्या असतील त्याने समुद्रावर यावं. सगळे मनापासून हसले. छाप पडली. पाद्रीबाबा म्हणाले, वा, फार वर्षांत समुद्रावर गेलो नाही. ते विसरले असतील, जूनमध्येच गेले होते.

२४ जुलै
आर्गिरोला बेकरीत कळलं. तिने विचारलं, तू असं बोललास? मी म्हणालो, बोलण्याची पद्धत असते. ती म्हणाली, ज्या गावात माणूस नामदिनाला कुठे असणार ते सांगतो, त्या गावात ते आमंत्रण असतं. तू जन्मलास कुठे, स्वित्झर्लंडमध्ये? बेकरीवाल्याने सगळ्या गावाच्या मिठाईचे पुडे बांधायला घेतलेत.

बायका फार घाबरतात.

२६ जुलै
प्लॅन. नऊऐवजी आठलाच निघायचं. गाव येईपर्यंत आम्ही पापाफ्रागासच्या गुहेत. लिस्बेथबाईंना निरोप दिला. हे कोणालाही सांगितलं नाही. फक्त मारुसो मावशीला, नाहीतर म्हातारी उन्हात उगाच पायपीट करत आली असती. तिला बजावलं, कोणाला सांगू नकोस. ती म्हणाली, मला वेड लागलंय का?

२७ जुलै, सकाळी ७
धक्क्यावर चिटपाखरू नाही. वारा नाही. विजय.

त्याच दिवशी, दुपारी
घाईत लिहितोय. आत माणसं आहेत.

पावणेआठला डॅनिश मंडळी आली. आठही जण शांत, टोप्या, पाण्याच्या बाटल्या. बसली. मी स्वागताचं भाषण सुरू करतोय तोवर वरच्या गल्लीतून गाव उतरलं. पुढे पाद्रीबाबा. प्रत्येकाच्या हातात मिठाईचा पुडा, तुळशीची डहाळी, कोणाकडे बाटली. उदंड आयुष्य, पांडेली, उदंड आयुष्य. मी प्रत्येकाला म्हणालो, या, या. तोंडातून निघून गेलं. या म्हटल्यावर ते आणखी पुढे आले. आर्गिरो सुकाण्यापाशी उभी. लिस्बेथबाई आधी हसत होत्या, मग हसायच्या थांबल्या.

तेवढ्यात बघतो तर मावशी बोटीत बसलेली. कधी चढली कळलं नाही. मांडीवर भलीमोठी कार्पुझोपिता, आमचा कलिंगडाचा केक. तिचं म्हणणं, सगळ्यांना तूच तर या म्हणतोयस.

मग बंदर पोलीस आला. तोही नामदिनालाच आलेला, हातात पुडा. पण ड्यूटीवर, गणवेशात. आधी माझ्या गालांचे मुके घेतले, मग बोटीतली डोकी मोजली. म्हणाला, काका, अकरा होतायत. आजच्या दिवशी बोलायला जीभ रेटत नाही, पण एकाला उतरवा, नाहीतर बोट हलणार नाही.

सगळा गाव बघत होता. आठही डॅनिश बघत होते. निकितास टॅव्हर्नाच्या दारात उभा राहून बघत होता. मला कळत होतं, आता एक शब्द बोलायचा आहे. मावशीपाशी गेलो. ती म्हणाली, लेकरा, माझे गुडघे बघ, चढताना जीव गेला, आता उतरवतोस? 

मीच उतरलो.

यात डावपेच होता. कॅप्टन उतरला म्हटल्यावर बोट जाणार नाही, मावशीला लाज वाटेल, ती उतरेल. आर्गिरोने माझ्याकडे पाहिलं, मग डॅनिश बाईकडे, मग समुद्राकडे. पोलिसाला म्हणाली, दहा. आणि दोर सोडला. मी धक्क्यावरून सूचना दिल्या. इंजिनाच्या आवाजात तिला ऐकू गेल्या नसतील.

मागे वळलो तर सगळा गाव पुडे घेऊन उभा. परतवणार कसा? निकितासच्या टॅव्हर्नात नेला. आत तेच बसलेत. पाद्रीबाबा गातायत.

त्याच दिवशी, संध्याकाळी
बोट चारला परतली. मी कारणं तयार ठेवली होती. चार प्रकारची, माणूस बघून देण्यासाठी.

डॅनिश मंडळी उतरली. टोप्या डोळ्यांवर ओढलेल्या. वाटलं, संपलं. मग लिस्बेथबाईंनी आर्गिरोचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडलेच नाहीत. आर्गिरोने साराकिनिकोपाशी इंजिन बंद केलं म्हणे, आणि अर्धा तास कोणीच काही बोललं नाही. नुसतं पाणी आणि ते पांढरे खडक. बिचाऱ्यांना इतिहास कळलाच नाही. मावशीने सगळ्यांना आपल्या हाताने कार्पुझोपिता भरवली. एक आजोबा रडले.

तीन उन्हाळे पक्के. लिस्बेथबाई निकितासला म्हणाल्या, मला हीच बोट, हीच कॅप्टन आणि हीच मावशी हवी. निकितासने टॅव्हर्नापुढची दोरी गुंडाळली.

आर्गिरो घरी येऊन खुर्चीत बसली आणि हसायला लागली. इतक्या वर्षांत तिला अशी हसताना पाहिलं नव्हतं. मलाही हसू आलं. बोट वाचली. कोणामुळे, ते स्पष्ट आहे. मी उतरलो नसतो तर काय झालं असतं?

'हीच कॅप्टन' म्हणजे त्या दिवसापुरतं असणार. बाईंना आमची पद्धत माहीत नाही.

२९ जुलै
डॅनिश बाईंचा पुढचा ग्रुप. मी सकाळी लवकर धक्क्यावर. इस्त्रीचा शर्ट, भाषण छोटं केलेलं, वीस मिनिटांचं. बोटीत आठ पाहुणे, सुकाण्यावर आर्गिरो, मध्ये मावशी. दहा.

आर्गिरोला हळूच म्हणालो, मावशीला उतरायला सांग. ती म्हणाली, तू सांग. मी मावशीकडे गेलो. तिने केकचा तुकडा पुढे केला. खाल्ला. छान झालाय म्हणालो. परत आलो.

मग तिला सरळ म्हणालो, आर्गिरो, कॅप्टन मी आहे. ती चिडली नाही, आवाजही चढवला नाही. माझ्या शर्टाची कॉलर नीट केली आणि म्हणाली, पांडेली, जागा नाही.

हा शब्द इतक्या जवळून मी प्रथमच ऐकला. बोलायला काहीच वेळ लागत नाही.

बोट गेली. लांबून ती सुकाण्यावर छान दिसते. खोटं कशाला लिहू, माझ्यापेक्षा छान दिसते.

निकितासने टॅव्हर्नाच्या दारातून हाक मारली, ये पांडेली, बटाटे सोलायला हात कमी पडतायत.
मला अजिबात जायचं नव्हतं. गेलो.