भर दुपारचा हेडलाइट

तीर्थरूप बाबा,

गाडीच्या सीटवर बसून लिहितेय, तेव्हा माझा साष्टांग नमस्कार दुमडलेलाच स्वीकारा.

हो, इथे युरोपात गाडी घेतली! जुनी, दोन दारांची. तुमच्या ट्रकच्या हौद्यात अशा दोन मावतील. आईला सांगा, पायपीट संपली. खोलीतून लाँड्रीत आणि लाँड्रीतून खोलीत, सात मिनिटांत. त्यापलीकडे जायला मालकांची चिठ्ठी लागते. पासपोर्टही त्यांनीच कुलपात जपून ठेवलाय, त्यामुळे हरवायची भीती नाही.

तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढू नका.

इथली एक गंमत सांगते. भर उन्हातही हेडलाइट चालू ठेवायचा, असा कायदाच आहे. गाडी सुरू केली की तो आपोआप लागतो, बंद करायला बटणच नाही. आपल्याकडे दिवसा लाइट राहिला, तर समोरून येणारे दहाजण बोटांची उघडझाप करून सांगतात. इथे सगळ्यांचेच लागलेले, कोण कोणाला हात करणार?

काल समोरून ट्रक आला आणि तुमच्या या जुन्या क्लीनरने सवयीने बोटांची उघडझाप केली. ट्रकवाला चक्क थांबला. काच खाली करून इथल्या भाषेत म्हणाला, "काय झालं ताई? काही मदत हवी का?"

अगदी ओठांवर आलं होतं, बाबा. पण आरशात मागे मालकांची जीप दिसत होती.

मी हसून म्हटलं, "नाही हो. तुमचा लाइट चालू राहिलाय."

एवढं आईला वाचून दाखवू नका.

तुमची,
क्लीनर