बक्षीसपात्र झाकण

तीर्थस्वरूप ताईंस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तो उभ्या उभ्याच घातला आहे, तरी पुरता धरावा.) आपली प्रकृती उत्तम असेलच. साडूभाऊंचा गुडघा कसा आहे? मागे ते आमचा जिना चढले तेव्हा तो जसा वाजला होता, तसाच मी एका सिनेमात म्हाताऱ्या खलनायकासाठी वाजवला आणि लोक दचकले, असं त्यांना सांगा. तेवढंच त्यांना बरं वाटेल. मी ठीक आहे. ठीक म्हणजे एकटा जेवतो, एकटाच भांडी घासतो, आणि ती माझ्या हातात पोरक्यासारखी वाजतात.

पत्राचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. तुमची धाकटी बहीण, म्हणजे माझी बायको, एकोणीस वर्षांच्या संसारातून मला एका शब्दानं न सांगता उठून तुमच्याकडे आली, त्याला आज तेवीस दिवस झाले. फोन केला की तुम्ही उचलता, ती कामात आहे म्हणता आणि ठेवून देता. (पाठीमागे शिलाईची दोन मशिनं चालू असतात. एक कोरं करकरीत आहे आणि दुसऱ्याला तेल हवंय. निदान माझ्या कानांशी तरी लपवाछपवी नको.) म्हणून पत्र लिहायला बसलो. तुम्ही मोठ्या, तेव्हा तोंड आवरून लिहितोय. पण राग आहे, ताई, आणि तो तुमच्यावरही आहे. न सांगता? अहो, दुधाची पिशवी घ्यायला खाली जातानासुद्धा माणूस सांगून जातो.

माझा धंदा तुम्हाला कधी नीट कळला नाही. (लग्नात तुम्ही सगळ्यांना 'मुलगा सिनेमात आहे' एवढंच सांगितलंत, आणि निम्मे पाहुणे माझ्यात हिरो शोधत बसले.) पडद्यावरची माणसं चालतात, बसतात, दार लावतात, तेव्हाचा खरा आवाज शूटिंगच्या गोंधळात वाया जातो. तो मी नंतर बंद खोलीत, पडद्याकडे बघत, नव्यानं काढतो. खोलीत एक वाळूची पेटी, एक खडीची पेटी, फरशीचे चार तुकडे आणि चौकटीसकट उभं केलेलं एक दार आहे. दाराच्या अलीकडेही मीच असतो आणि पलीकडेही. आजवर चाळीसेक हिरॉइनी टाचांच्या चपला घालून चालल्या त्या मीच चाललोय, मिशीसकट. म्हणून धंद्यात मला पावलंवाला म्हणतात. चुंबनसुद्धा (मोठ्या आहात, क्षमा असावी) माझं स्वतःचं मनगट असतं. लोकांच्या संसाराचे सगळे आवाज माझ्या अंगावरून गेलेत, म्हणून मला वाटायचं की आपल्याला यातलं बरंच कळतं.

तर सिनेमा हिंदी होता. मोठं शहर, दोन खोल्या, दोन पगार, एक नवरा, एक बायको आणि मधे न बोललेलं बरंच काही, असला. असले हल्ली फार निघतात. आमच्या दिग्दर्शकसाहेबांनी तीन काढले, त्यामुळे त्यांना संसाराचे जाणकार समजतात. स्वतः अविवाहित. आईजवळ राहतात, आणि ती माउली त्यांच्या चहातली साखरही ढवळून देते. निर्माते मात्र अनुभवी, त्यांचं तिसरं लग्न चालू आहे. संवाद लिहिणारा काय तो एकटा संसारी माणूस, पण मध्यंतरापर्यंत येता येता त्याचं आणि साहेबांचं कडाक्याचं वाजलं आणि तो उरलेली पानं बगलेत मारून घरी गेला. आता मध्यंतरानंतर नवरा-बायकोनं बोलायचं काय? साहेबांनी दोन दिवस दाढी खाजवली आणि जाहीर केलं, की शहरातली नवरा-बायको बोलतच नाहीत, हेच मला म्हणायचं आहे. झालं! पंचवीस मिनिटं दोघंही मुकी. वर्तमानपत्रांत मुलाखती आल्या, शांततेचं सौंदर्य काय, मौनाची भाषा काय. ती शांतता भरायची कोणी? मी. बायको चिडलीय हे भांड्यांतून कळायला हवं, दमलीय हे चपलेतून, आणि तिचं मन उडालंय हे एका झाकणातून. पातेल्यावर झाकण ठेवते, बस्स. तिथं सगळं कळलं पाहिजे म्हणाले.

मी सतरा झाकणं वाजवली. स्टीलची, ॲल्युमिनियमची, एक काचेचं (ते गेलं). साहेब डोळे मिटून ऐकायचे आणि मान हलवायचे. हॉटेल वाटतंय म्हणाले, यात लग्न ऐकू येत नाही. ज्या माणसानं आयुष्यात एक कप विसळला नाही त्यानं मला हे सांगावं! पण पोट त्यांच्या हातात. शेवटी वैतागून मी रेकॉर्डर घरी आणला, फ्रिजवर ठेवला आणि स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसलो.

आता राग घटकाभर बाजूला ठेवून तुमच्या बहिणीचं कौतुक करतो. काय हात आहे हो! खणात चमचा टाकते तो एकदाच वाजतो. नळ बंद करताना शेवटचा अर्धा पिळा असा देते, की पाण्यालाही कळावं आता पुरे. चालताना उजवी चप्पल डावीपेक्षा किंचित उशिरा उचलली जाते, कारण तो घोटा कधीतरी मुरगळला होता (कधी, ते आठवत नाही, तिला विचारा). इतकी वर्षं हे सगळं माझ्या घरात फुकट वाजत होतं आणि मी बाजारातून झाकणं आणत होतो.

तीन आठवडे रोज सकाळी कामावर जाण्याआधी दोन तास मी त्या स्टुलावर डोळे मिटून बसलो. पहिल्या दिवशी तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. दुसऱ्या दिवशी विचारलं, काय करताय? मी म्हटलं, ऐकतोय. (खरं तेच सांगितलं!) आणि ताई, ती खुलली. काय सांगू तुम्हाला, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातही इतकी खुलली नसेल. सकाळी केस नीट बांधून स्वयंपाकघरात यायला लागली. आणि बोलायला लागली. लहानपणचं, तुमच्या आईचं, शेजारणीचं, तुमच्या दुकानाचं, नुसता धबधबा. मी 'हं' म्हणायचो. अधूनमधून हातानं खूण करायचो, की आधी भांडं टेकव, मग बोल. एकदोनदा म्हटलंही, की बोल ना, पण नळ चालू असताना नको. सुरुवातीला तिला हसू आलं. मग ती हळूहळू कमी बोलायला लागली, आणि शेवटच्या आठवड्यात फारच सुंदर आवाज मिळाले.

रेकॉर्डिस्टनं ते सगळं साफ करून दिलं. साफ करणं म्हणजे भांडी ठेवायची आणि बोलणं काढून टाकायचं. सिनेमातली बायको मुकी आहे ना. त्यातून एक झाकण असं निघालं, की साहेबांनी ते वीस वेळा लावायला सांगितलं आणि रडले. निर्मातेही रडले (त्यांना कुठलं लग्न आठवलं कोण जाणे). मलाही आत काहीतरी लागलं, पण मी ते कंबरेच्या दुखण्यावर ढकललं. या झाकणात अख्खा संसार आहे, असं साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. घरी येऊन मी हे हिला सांगितलं, तर ती म्हणाली, बरं.

मग पहिला खेळ. मी हिला ठेवणीतले कपडे घालायला लावून मानानं तिसऱ्या रांगेत नेऊन बसवलं. मध्यंतर झालं, मुका भाग सुरू झाला. पडद्यावर हिरॉइन चालतेय, आणि पावलं हिची. खण उघडतेय, हात हिचा. ही एकदम ताठ बसली. मग ते झाकण आलं. चारशे माणसांनी श्वास रोखला, ताई! माझ्या मागे कोणीतरी हुंदका दिला. हिनं माझ्याकडे न बघता हळूच विचारलं, "हे माझं?" मी अभिमानानं म्हटलं, "तुझंच!" ती म्हणाली, "आणि मी बोलत होते ते?" मी म्हटलं, "ते साफ केलं. मध्ये मध्ये येत होतं."

यात माझं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही. हे तांत्रिक उत्तर आहे. पुढे ती उठली. मला वाटलं, तोंड धुवायला गेली असेल. तिथं गालिचा होता आणि गालिच्यावर पाऊल वाजत नाही, नाहीतर परत न येणारं पाऊल मला नक्की ओळखू आलं असतं. सिनेमा संपला, टाळ्या झाल्या, मला मंचावर बोलावून झाकणाबद्दल एक चकचकीत स्मृतिचिन्ह दिलं, आणि ते छातीशी धरून मी रिकाम्या खुर्चीकडे बघत उभा राहिलो. घरी आलो तर कपाटातले तिचे तीन खण रिकामे. म्हणजे बॅग त्या दिवशी भरलेली नव्हती, आधीच भरून तयार होती! हे ठरवून झालंय, ताई. तुम्ही तिकडे नवं मशीन मागवलंत, तिनं इकडे बॅग भरली, आणि मला कोणी एका अक्षरानं विचारलं नाही. नवरा म्हणून राहू द्या, भाडेकरू म्हणून तरी विचारायचं! लोक म्हणतात, तुझ्या कानांना सगळं ऐकू येतं. मग माझ्या कानावर ही गोष्ट घालायला तुम्हा दोघी बहिणींची जीभ का रेटली नाही?

असो. मन मोकळं केलं. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर पदरात घ्या. साडूभाऊंना नमस्कार आणि गुडघ्याला आराम.

आपला (अजून तरी) मेहुणा,
पावलंवाला

ता. क. एक छोटं काम होतं. साहेब लगेच चौथा सिनेमा काढताहेत, पुन्हा शहर, पुन्हा नवरा-बायको, आणि त्यांना तेच आवाज हवे आहेत. तुमची बहीण जाताना निळ्या पट्ट्याची चप्पल घालून गेली, आणि तिचं ते लहान पातेलं झाकणासकट घेऊन गेली. सध्या ती वापरत नसेल तर चप्पल आणि झाकण तेवढं पार्सलनं पाठवाल का? पातेलं राहू द्या.

ता. क. दुसरा. पाकिटाला तिकीट नव्हतं म्हणून पत्र पाच दिवस पडून राहिलं. दरम्यान चौथ्या सिनेमासाठी आणखी काही निघतंय का बघा म्हणून रेकॉर्डिस्टनं मला साफ न केलेलं मूळ रेकॉर्डिंग दिलं. चार दिवस त्याच स्टुलावर बसून सगळं ऐकलं. ती 'ऐकताय ना?' असं एकतीस वेळा म्हणते. माझं 'हं' एकतीस वेळा आहे, अगदी स्वच्छ.

एकोणिसाव्या दिवशीचं मी जसंच्या तसं लिहितो, कारण तुमच्यावर मी खोटा आळ घेतला. ती म्हणते, "ताईनं दुकान वाढवलंय. दोन महिन्यांनी नवं मशीन येतंय, मला कायमची बोलावतेय. तुम्हाला इथलं काम सोडवत नसेल तर मी नाही जाणार. तुम्ही नुसतं राहा म्हणा, मी राहते. ऐकताय ना?" मी म्हणतो, "हं. ते झाकण परत एकदा ठेव. जरा सावकाश." मग चार सेकंद काहीच नाही. मग ती झाकण ठेवते.

ते हेच झाकण, ताई. बक्षीस मिळालेलं.

ता. क. तिसरा. चप्पल आणि झाकण पाठवू नका. वरची रागाची पानं फाडणार होतो, पण राहू दिली; मी कसा आहे ते तुम्हाला कळलेलं बरं. तिला एवढंच विचारा, की मी येऊ का. विचारताना मशीन बंद करायला सांगा. आणि काही न बोलता तिनं हातातली कात्री नुसती खाली ठेवली, तर ती कशी वाजली ते मला कळवू नका. बोलली तरच कळवा.