बत्तीसऐवजी सोळा

बाई, सरावलीतल्या तुमच्या त्या घरात आता कोण राहतं, मला माहीत नाही. कारखान्याच्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडल्यावर त्या घराच्या स्वयंपाकघरातच तुम्ही आम्हाला मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची केमिस्ट्री शिकवायचात. ओट्याला टेकवलेला फळा, खाली सतरंजीवर आम्ही चौदाजण. मी समीकरण न जुळवताच आकडेमोडीला लागते आणि तुमचा आवाज येतो, "आधी दोन्ही बाजूंचे अणू मोज. घाई कसली झालीय तुला?" मी वाणगावहून यायचे म्हणून दर शुक्रवारी मला एकटीला बोलवायचात, चहा द्यायचात, चुकलेली गणितं पुन्हा करून घ्यायचात.

त्या रविवारी तुम्ही मॅग्नेशियम जाळण्याचं गणित फळ्यावर सोडवलंत. ऑक्सिजनचे मोल काढताना बत्तीसने भागायचं, तिथे सोळाने भागलंत. मी उभी राहिले. "बाई, ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असतात. हे तर शाळेत शिकवतात." सगळे हसले. तुम्ही फळ्याकडे बराच वेळ बघत राहिलात. "हाय की," म्हणालात, "बरोबर हाय तुझं." वर्गात तुम्ही गावच्या बोलीत कधीच बोलत नव्हतात. मग पुसायला डस्टर उचललात, तर तो हातातून निसटला. आम्ही त्यालाही हसलो.

पुढच्याच आठवड्यात मी पालघरचा क्लास लावला. माझ्या मागोमाग आणखी पाचजणी गेल्या. नंतर एकदा बोईसरच्या बाजारात तुम्ही भेटलात. रागावला नाहीत. "मोलची गणितं रोज दोन तरी कर," एवढंच म्हणालात. माझं नाव मात्र तुम्हाला आठवेना. मला वाटलं, मुद्दाम करताय. परीक्षेच्या आधीच तुम्ही गेलात. डोक्यात गाठ होती, हे आम्हाला त्यानंतर कळलं.

आता मी डॉक्टर आहे. पेशंटच्या घरच्यांना विचारते, "हातातल्या सवयीच्या कामात अलीकडे चुका होतायत का?" ते आठवायला लागतात, एकमेकांकडे बघतात, आणि तेवढ्या वेळात शेजारच्या रिकाम्या खुर्चीत तुम्ही येऊन बसलेल्या असता. मी तिकडे बघत नाही.

हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून लिहिते. ती चूक मला रविवारी दिसली नव्हती. आदल्या शुक्रवारी आपण दोघीच असताना तेच गणित तुम्ही माझ्या वहीत करून दिलंत, तेव्हाच दिसली होती. मी काही बोलले नाही. वर्ग भरायची वाट बघितली.